‘डेरिव्हेशन पाठ आहे, पण कळलेलं नाही’

परीक्षा जवळ आली की हे वाक्य मला हमखास ऐकू येतं. ही सतरा वर्षांची मुलगीही तेच घेऊन आली होती. वायूंचा गतिज सिद्धांत, म्हणजे रेणू भिंतीवर आपटून वायूचा दाब कसा तयार होतो याची पायरीपायरीने केलेली मांडणी, तिला तोंडपाठ होता. "पण एक पायरी विसरले की पुढचं सगळं कोरं, मॅडम. माझं डोकंच फिजिक्सचं नाही."

पहिल्या दोन भेटी झोप आणि घरच्या अपेक्षा यांवर गेल्या. तिसऱ्या भेटीत मी तिला वही मिटायला सांगितली. आधी भीती घालवा, मग अभ्यास, असं बरेच जण सांगतात. माझा अनुभव उलटा आहे: डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं की भीती आपोआप ओसरते.

"समज, तू रेणू आहेस. भिंतीवर आपटून त्याच वेगाने परत फिरलीस. संवेगात, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यात, फरक किती?"

"दोन एमव्ही."

"दोन का?"

ती बराच वेळ गप्प होती. "नुसतं थांबायचं नाही, उलटं जायचंय म्हणून."

"आता समोरची भिंत आत सरकवून डबा अर्धा केला. तापमान तेच."

"वेग तोच, फेरी अर्धी... म्हणजे धक्का तेवढाच, पण दुप्पट वेळा. दाब दुप्पट!"

तापमान तेच असताना आकारमान अर्धं की दाब दुप्पट, या बॉइलने 1662 मध्ये प्रयोगातून मांडलेल्या नियमामागचं हे चित्र डॅनिएल बर्नुलीने 1738 मध्ये रंगवलं, हे मी सांगणार होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "पण बाजूच्या भिंतींचं काय? त्यांच्यातलं अंतर कुठे बदललंय?"

हा प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारलाय. उत्तर ओठांवर आलं होतं, तरी मी गिळलं. अशा वेळी गप्प राहणं मी वर्षानुवर्षांच्या सवयीने शिकले आहे. तिने हातांनी हवेत डबा केला, तो दाबला. "तिथे धक्के तेवढेच. पण भिंतच अर्धी झाली! दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरचं बल, म्हणून तिथेही दुप्पट."

पाठांतर करणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे: प्रत्येक पायरीवर ‘इथे रेणू काय करतोय?’ असं विचारा. दाबाच्या सूत्रात वेगाच्या वर्गाबरोबर येणारा एक तृतीयांश कुठून आला? रेणूंना तिन्ही दिशा सारख्याच, म्हणून. आणि डोक्याबद्दलचा निकाल इतक्यात लावू नका. जॉन वॉटर्स्टनने 1845 मध्ये याच सिद्धांतावर पाठवलेला निबंध रॉयल सोसायटीने छापला नाही. तो छापला गेला 1892 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "वेगाचा वर्ग का गं?"

ती लगेच म्हणाली, "वेग वाढला की धक्का जोरात बसतो, आणि लवकर लवकरही बसतो. दोनदा येतो तो."