ऐकू येतं, पण कळत नाही

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्यासाठी कानाचं मशीन घेतलं. दहा दिवस घातलं, आता ते कपाटात पडून आहे. 'नुसता गोंगाट येतो' म्हणतात. आम्ही मोठ्याने बोललो की चिडतात. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सासऱ्यांची तक्रार खरी आहे, हे आधी धरून चला. वयामुळे कान जातात तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आतल्या कानाच्या शंखात बारीक केसपेशी असतात. त्यांतल्या वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या आधी निकामी होतात. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट. स, श, त, ख, फ ही व्यंजनं वरच्या बाजूची आणि नाजूक. त्यामुळे 'ताट आणा', 'खाट आणा' किंवा 'पाट आणा', काहीही म्हणा, त्यांच्यापर्यंत 'आट आणा' एवढंच पोचतं. उरलेलं ते अंदाजाने भरतात आणि कधीकधी चुकतात. लोक त्याला विसराळूपणा समजतात.

ओरडल्याने स्वर फुगतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली दबतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नसला, तरी मोठा आवाज तुमच्या-आमच्याइतकाच बोचतो. म्हणून ते चिडतात. हाताच्या अंतरावर, समोर, चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा. आधी नाव घ्या, त्यांनी पाहिलं की नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य तीनदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. स्वयंपाकघरातून, मिक्सर चालू असताना हाक मारू नका.

आता मशीन. वर्षानुवर्षं शांततेत राहिलेल्या मेंदूला भांडी, पंखा, कागदाची सळसळ हे सगळं एकदम अंगावर येतं. सवय व्हायला महिना-दोन महिने लागतात. पहिला आठवडा घरात, टीव्ही बंद करून, एकाच माणसाशी बोलताना सकाळ-संध्याकाळ एकेक तास घालू द्या. मग रोज थोडं वाढवा. लग्न, बाजार, एस.टी. स्टँड सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी जेवणाच्या पंगतीत घातलं की बहुतेक मशीनं कपाटात जातात.

स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा वाटतो का, भांड्याचा आवाज टोचतो का, हे त्यांना विचारून लिहून ठेवा आणि ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. मशीन एकदा लावून काम संपत नाही. दोन-तीन वेळा जुळवून घ्यावंच लागतं. दोन्ही कानांना दोष असेल तर दोन मशीनं लावल्यावर गर्दीत बोलणं जास्त कळतं. शिट्टी वाजत असेल तर कानातला साचा नीट बसला आहे का आणि कानात मळ आहे का, हे आधी पाहा. मळ कानाच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्या. पिन, काडी, कोमट तेल अजिबात नको.

बटण-सेल जस्त आणि हवेवर चालतात. पाठीवरचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल बसवा. घाई केली तर आवाज बारीक येतो. स्टिकर पुन्हा चिकटवून सेल वाचत नाही. तपकिरी स्टिकरचा ३१२ नंबरचा सेल साधारण आठवडाभर, नारिंगी १३ नंबरचा त्याहून जास्त चालतो. रात्री सेलचं झाकण उघडून मशीन सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) घट्ट डबीत ठेवा. पावसाळ्यात हे चुकवू नका; मशीन बिघडतं ते बहुतेक दमटपणा आणि घामानेच. कानामागच्या मशीनची नळी पिवळी, कडक झाली की बदलून घ्या.

एक गोष्ट मात्र वेगळी : एका कानाने एकाएकी, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर ते वयाचं समजू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. उपचाराला उशीर झाला की कान परत येण्याची शक्यता घटते.

प्रश्न : म्हातारपणी आलेल्या बहिरेपणाचं दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मिळू शकतं, वयाची आडकाठी नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांचा दोष ६० ते ७० डेसिबल असेल तर 'ऐकण्यास कमी येणारी' आणि दोन्ही कानांत ७० डेसिबल असेल तर 'कर्णबधिर' व्यक्ती धरतात. एकच कान गेला असेल तर या व्याख्येत बसत नाही. अर्ज 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. तपासणीला जाताना जुने ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचे आलेख) सोबत न्या. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही श्रवणचाचणी होते.