शेती-शंकासमाधान : रोग येण्याआधीची फवारणी

प्रश्न : सांवेर तहसिलीत आमची वडिलोपार्जित शेती आहे; आम्ही राहतो इंदूरला. गेल्या पावसाळ्यात सोयाबीनच्या शेंगा भरत असताना त्यांवर काळे ठिपके पडले आणि बरेचसे दाणे सुरकुतले. आता एक विक्रेते सांगतात की कायटोसन फवारल्यास झाडाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती वाढते, मग बुरशीनाशकाची गरज उरत नाही. यावर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : त्यांच्या म्हणण्याचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्धावर मात्र विसंबू नये. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचे चिवट द्रव्य असते, वनस्पतीच्या असत नाही. त्यामुळे त्याचे तुकडे पानाला जाणवले की शत्रू दाराशी आल्याचे झाड ओळखते आणि आपल्या पेशीभित्तिका जाड करू लागते, बुरशीची भित्तिका विरघळवणारी विकरे व बुरशीला मारक द्रव्ये तयार करते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून केलेले कायटोसन असाच इशारा देते. अशा द्रव्यांना एलिसिटर म्हणतात.

आपल्या माळव्याच्या या पिकाचा या विषयाशी जुना संबंध आहे, हे आवर्जून सांगावेसे वाटते. 1970 च्या दशकात संशोधकांनी सोयाबीनच्या रोपाची बीजदले कापून, कापलेल्या भागावर मूळकुजीच्या रोगकारकाच्या भित्तिकेतील शर्करेचे थेंब ठेवले. तेथे लालसर रंग चढला आणि ग्लिसिओलिन हे सोयाबीनचे स्वतःचे बुरशीरोधक द्रव्य साठलेले आढळले. पुढे असे दिसून आले की ग्लुकोजच्या अवघ्या सात घटकांची विशिष्ट जोडणी एवढा इशारा द्यायला पुरते.

परंतु ही तयारी व्हायला वेळ लागतो, म्हणून ठिपके दिसल्यावर केलेली फवारणी बहुधा वाया जाते. ती पाने निरोगी असताना, फुलोऱ्याच्या सुमारास किंवा त्याआधीच व्हायला हवी. शिवाय ही तयारी झाड स्वतःच्या अन्नातून करते. पाण्याच्या ताणाने सुकलेल्या झाडाकडून तिची अपेक्षा धरणे मला योग्य वाटत नाही. मिळणारे संरक्षणही अंशतःच असते आणि वाण व हवामान यांनुसार ते कमीजास्त होते. एक व्यावहारिक गोष्ट : कायटोसन साध्या पाण्यात विरघळत नाही, त्यासाठी सौम्य आम्ल लागते, तेव्हा नुसती पूड पाण्यात ढवळून फवारू नये, तयार द्रावण घेऊन त्यावरील प्रमाण पाळावे.

तुम्ही वर्णन केलेला रोग शेंगांवरील करपा असावा. त्याची बुरशी बियाण्यातून आणि शेतात राहिलेल्या पालापाचोळ्यातून पुढच्या हंगामात येते, त्यामुळे निरोगी बियाणे, बीजप्रक्रिया आणि पिकाची फेरपालट यांना कायटोसन पर्याय ठरू शकत नाही. सतत झड लागली आणि रोग दिसू लागला, तर शिफारस केलेले बुरशीनाशक वापरण्यात कुचराई करू नका. यंदा प्रयोग करायचाच असेल तर मधला एक पट्टा फवारणीवाचून सोडा आणि काढणीच्या वेळी दोन्हीकडच्या शंभर-शंभर शेंगा सोलून दाणे तोलून पाहा.