पर्सींचे जावई

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मागे आजीचा मिक्सर चालू होता पण प्रश्न कळला. आजी म्हणते लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं, मग शाळेच्या ट्रिपला तू ॲनिकचा किल्ला बघितलास (इंग्लंडमधला, ज्यात हॅरी पॉटरच्या पहिल्या दोन पिक्चरचं शूटिंग झालं तो) तिथल्या मालकांचं, म्हणजे पर्सी घराण्याचं आडनाव इतकी वर्षं कसं टिकलं, त्यांना मुली झाल्याच नाहीत का?

झाल्या ना. आणि मुलींमुळेच टिकलं, हीच तर गंमत आहे.

सुरुवात अगदी आपल्यासारखी. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत पर्सी नावाचं गाव आहे, एक नाही दोन आहेत, आणि नक्की कुठलं आपलं यावर इतिहासवाले अजून भांडतात. तिथला विल्यम 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर इंग्लंडला आला, यॉर्कशायरमधे भरपूर जमीन मिळवली, आणि लोक त्याला विल्यम द पर्सी म्हणायला लागले. म्हणजे पर्सीकरच की! शिवाय त्याला टोपणनाव होतं मिशीवाला, कारण बाकीचे नॉर्मन तुळतुळीत दाढीमिशी करायचे. त्या टोपणनावावरून अल्जरनॉन हे नाव आलं आणि पर्सींनी पुढे पोरांना ते पण ठेवलं.

मग शंभरेक वर्षांत झालं असं की वारस म्हणून मुलगीच उरली, ॲग्नेस. तिचं लग्न लूव्हँच्या (आताच्या बेल्जियममधल्या) जोसलिनशी झालं, तो इंग्लंडच्या एका राणीचा सावत्र भाऊ, म्हणजे स्थळ एकदम भारी. पण मुलांनी आडनाव लावलं आईचं. त्यातला रिचर्ड हा 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या (राजाला वेसण घालणारी सनद) 25 सरदारांपैकी एक, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात जो पर्सी येतो तो आईकडून पर्सी आहे. ॲनिकचा किल्ला तर त्यांनी नंतर, 1309 मधे विकत घेतला. तुझ्या बाबांची फुटबॉल टीम टॉटनहॅम हॉटस्पर, त्यातला हॉटस्पर पण ह्याच घरातला, हे हॅरी पर्सीचं टोपणनाव, तो 1403 ला श्रूजबरीच्या लढाईत मारला गेला. आणि 5 नोव्हेंबरला आपण जे फटाके बघतो त्या 1605 च्या कटात (राजासकट पार्लमेंट उडवायच्या) एक थॉमस पर्सी होता, त्याच्यापायी घरच्या अर्लला (अर्ल ही सरदाराची पदवी, घराण्याचा प्रमुख) लंडनच्या टॉवरमधे कैक वर्षं कैदेत बसावं लागलं.

1670 ला परत तेच. अर्ल वारला आणि मागे एकटी मुलगी एलिझाबेथ, जेमतेम तीन वर्षांची. इस्टेट एवढी मोठी की पंधरा वर्षांची होईपर्यंत बिचारीची तीन लग्नं लावून झाली होती (हे आजीला सांगू नकोस, नाहीतर बालविवाहावर तासभर ऐकावं लागेल). तिसऱ्या नवऱ्याने पर्सी आडनाव लावायचं असं ठरलेलं, पण मोठी झाल्यावर तिनेच ती अट सोडून दिली. मग तिच्या नातीचा नवरा आला, सर ह्यू स्मिथसन, त्याने मात्र 1750 मधे रीतसर पार्लमेंटचा कायदा करून आपलं आडनाव टाकलं आणि पर्सी झाला, 1766 मधे ड्यूक पण झाला. आजचे ड्यूक त्याच्याच वंशातले. म्हणजे पुरुषांकडून बघितलं तर ते स्मिथसन!

आणि टाकलेलं स्मिथसन कुठे गेलं माहितीये? ह्यूला लग्नाबाहेर एक मुलगा झाला होता, जेम्स. तो आधी आईचं आडनाव लावायचा, मग मोठेपणी वडिलांनी सोडलेलं स्मिथसन लावायला लागला. कधी अमेरिकेला गेला नाही तरी त्याचा सगळा पैसा शेवटी अमेरिकेला मिळाला आणि त्यातून 1846 ला वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. मला तर ड्यूकपेक्षा हाच आवडतो.

आता आजीचं. आजी चुकीचं बोलत नाहीये, आपल्याकडे आडनावच काय, नावसुद्धा बदलायचे, ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवऱ्यामुलाने नवीन नाव लिहायचं. आजीचं माहेरचं नाव वेगळं आहे हे तुला माहिती आहे का? पण आपली आडनावंही काही दगडात कोरलेली नाहीत. मंगेशकर हे गोव्यातल्या मंगेशी गावावरून घेतलेलं, आंबेडकरांचं घराणं मूळ सकपाळ, आणि पेशवे तर मुळात श्रीवर्धनचे भट. आपल्या ‘कर’च्या आधी पण काहीतरी दुसरं होतं, ते मला नीट माहीत नाही पण आजीला माहिती आहे. विचार तिला, कुलदैवत कुठलं ते पण विचार कारण मूळ गाव कधीकधी त्यावरून सापडतं. आणि रेकॉर्ड कर, मिक्सर बंद असताना.

तू लग्नानंतर काय लावायचं ते तेव्हाचं तेव्हा तू बघ, नवऱ्याला कायदा करायला लावायचा असला तर माझी काही हरकत नाही.

आई

ता.क. पर्सी नाव मुंबईत पारशी लोकांमधे पण ऐकू येईल, पण तिकडे ते पहिलं नाव असतं.