शेतकरी आठवडे बाजारात बसलेला खरंच शेतकरी असतो का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नव्याने राहायला आलाय, सोसायटीजवळच्या मैदानात दर आठवड्याला 'शेतकरी ते थेट ग्राहक' असा फलक लावून बाजार भरतो, पण तिथे एका टेबलावर चक्क सफरचंदं दिसली. मग हा माल शेतातला की मार्केट यार्डातला, आणि पुण्याच्या आसपासचंच खायचं तर कोणत्या महिन्यात काय घ्यायचं?

आम्ही पुरंदर तालुक्यातले. सासवडच्या पुढे घरची अंजीर आणि सीताफळाची बाग आहे, पावसाळ्यात वाटाणा करतो, विहिरीला पाणी असेल तेवढी पालेभाजी. आमच्या गटाचं टेबल असल्या बाजारात असतं आणि पाळी आली की मीही बसतो. तेव्हा टेबलाच्या आतल्या बाजूने सांगतो: काही शेतकरी असतात, काही नसतात आणि बरेचसे या दोन्हींच्या मधले असतात. या मधल्यांबद्दलच गैरसमज जास्त आहे.

2016 च्या जुलैत राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. म्हणजे माल पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डातच नेला पाहिजे ही सक्ती गेली. अडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याचं कमिशन, तीही शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत थेट विधानभवनाच्या आवारात शेतकऱ्यांचा बाजार भरवला गेला आणि संत सावता माळी यांच्या नावाने आठवडे बाजारांचं अभियान सुरू झालं. पुण्यात असे बाजार त्याआधीपासून भरत होते, पण त्यानंतर त्यांना जोर आला. जागा पालिकेची किंवा सोसायटीची, मान्यता राज्याच्या कृषी पणन मंडळाची, आणि टेबलं शेतकरी गटांची किंवा उत्पादक कंपन्यांची, अशी साधारण रचना असते.

यातला 'गट' हा शब्द लक्षात ठेवा. एकट्या शेतकऱ्याला शहरात येऊन बसणं परवडत नाही. पहाटे तोडा करायचा, टेम्पो भरायचा, दिवे घाट उतरून यायचं, दिवसभर उभं राहायचं, आणि तेवढ्या वेळात शेतात पाणी कोण धरणार? म्हणून आठ-दहा घरं मिळून माल गोळा करतात आणि ज्याची पाळी असेल तो येतो. त्या दिवशी टेबलावरची मेथी माझी नसते, शेजारच्या काकांची असते. टोमॅटो तिसऱ्याच गावचा असतो. 'हे तुमच्या शेतातलं का?' असं विचारलंत तर मी 'हो' म्हणेन, कारण एवढं सगळं वजनकाट्यासमोर उभ्या गिऱ्हाइकाला समजावून सांगायला वेळ नसतो.

कांदा-बटाटा-लसूण मात्र पुष्कळ टेबलांवर यार्डातून आणलेला असतो. लसूण बहुतेक मध्य प्रदेशचा, बटाटा आग्रा-इंदूरचा. गिऱ्हाईक म्हणतं, सगळं एका ठिकाणी मिळालं पाहिजे. बटाटा नसला तर ते हातगाडीकडे वळतं आणि भेंडीही तिथूनच घेऊन जातं. मला स्वतःला यात लबाडी वाटत नाही, विचारल्यावर खरं सांगितलं म्हणजे झालं. सफरचंदाचं म्हणाल तर ते पुणे जिल्ह्यातल्या शेतात पिकून तुमच्या मैदानात आलेलं नाही, एवढं खात्रीने सांगतो. ते टेबल व्यापाऱ्याचं आहे.

ओळखायचं कसं? माती लागलेला माल म्हणजे शेतकऱ्याचा, असं काही नाही. यार्डातही मुळा मातीसकटच येतो. त्यापेक्षा साधं विचारा, 'तोडा कधीचा?' आणि 'पुढच्या आठवड्यात आहे का?' पिकवणारा लगेच सांगेल की अजून दोन तोडे निघतील, मग प्लॉट संपला, किंवा परवाच्या पावसाने कोथिंबीर बसली, आता महिनाभर नाही. 'बारा महिने मिळेल' हे उत्तर विकणाऱ्याचं असतं, पिकवणाऱ्याचं नसतं. दुसरी खूण अशी की खऱ्या टेबलावर जिन्नस कमी आणि एकेकाचा ढीग मोठा असतो. यार्डातून उचललेल्या मालाचं उलट, वीस-पंचवीस जिन्नस आणि प्रत्येकाचं एकच क्रेट.

आता महिन्यांचं. वाटाण्यापासून सुरू करतो, कारण त्याबद्दल शहरातल्या लोकांचं गणित हमखास उलटं असतं.

पुण्यात मटार म्हणजे हिवाळा, असं सगळे धरून चालतात. डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त होतो, लोक पोत्याने घेऊन सोलतात आणि फ्रीजरमध्ये भरतात. तो मटार बहुतेक मध्य प्रदेशातून, जबलपूरकडून आलेला असतो. पुरंदरचा वाटाणा पावसाळी. जूनच्या पावसावर पेरायचा, दोन-सव्वादोन महिन्यांत शेंग तोडायला येते. जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत त्याचा हंगाम, ऐन जोर श्रावणात. शेंग जरा लहान, पण दाणा गोड असतो. आमचा भाग पर्जन्यछायेतला, म्हणून पाऊस झिमझिम पडतो आणि वाटाण्याला तेवढाच लागतो. जोराचा पाऊस लागून राहिला की शेंगेवर डाग पडतात आणि वेल पिवळा पडतो. ऑगस्टमध्ये टेबलावर वाटाणा दिसला तर 'हा काय सीझन आहे का?' म्हणून पुढे जाऊ नका, हाच त्याचा इथला सीझन. दोन शेंगा सोलून खाऊन बघा, कोणी काही म्हणणार नाही. तिसरी खाल्लीत तर म्हणेल.

त्याच दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठाराचा बटाटा निघतो. तेव्हा आठवडे बाजारातला बटाटा खरोखर पुणे जिल्ह्यातला असू शकतो. नव्या बटाट्याची साल अंगठ्याने सुटते. विचारून घ्या.

पावसाळ्यात पालेभाजीचं मात्र अवघड असतं. मेथी-कोथिंबीर पावसात सडते आणि जुडीचा भाव ऐकून गिऱ्हाईक आमच्याकडे असं बघतं की आम्हीच पाऊस पाडला. त्याऐवजी अंबाडी, अळू, लाल माठ घ्या. मुळशी, वेल्हे, भोरकडच्या बायका आल्या असतील तर करटुली, टाकळा, कुर्डू मिळेल. रानातलं आहे, पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस येतं, आणि त्या बायका टेबलावर नाही, बहुधा फाटकाबाहेर पाटी घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका, हे माझं वैयक्तिक मत. भाद्रपदात ऋषिपंचमी, गौरी आणि पितृपक्ष एकामागोमाग येतात. पितृपक्षात गवार आणि भेंडीचा भाव चढलाच म्हणून समजा, मग बाजार थेट असो की आडवळणाचा.

सीताफळाचा हंगाम लांबलचक असतो. पाणी देऊन उन्हाळी बहार धरला, म्हणजे झाड तेव्हा फुलायला लावलं, तर जून-जुलैतच फळ सुरू होतं, पावसावरचं ऑगस्ट ते नोव्हेंबर. घेताना आकाराला भुलू नका, डोळे बघा. डोळ्यांमधल्या फटी रुंदावून पिवळसर-पांढऱ्या झाल्या म्हणजे फळ तयार. आम्ही त्याला 'डोळे उघडले' म्हणतो. डोळे मिटलेलं हिरवंगार फळ घरी नेलंत तर ते पिकण्याऐवजी दगड होऊन काळं पडण्याची शक्यता जास्त. डोळे उघडलेलं कडक फळ घ्या आणि दोन-तीन दिवस बाहेरच ठेवा. पिकायच्या आधी फ्रीजमध्ये टाकलं की साल काळी पडते आणि मग फोन आम्हाला येतो. फळ मोठं, बिया कमी आणि टिकायला बरं असलं तर ते बहुधा 'गोल्डन' असेल, बार्शीकडे निवडलेलं वाण. आता आमच्याकडेही त्याच्या बागा झाल्यात, कारण वाहतुकीत ते टिकतं. राहुरी कृषी विद्यापीठाचं आमच्याच तालुक्यात, जाधववाडीला, अंजीर-सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. 'फुले पुरंदर' हे वाण तिथलं. चवीला मला आमचं जुनं गावरान सीताफळ आवडतं, बिया भरपूर असल्या तरी. घरात यावरून रोज वाद होतो.

अंजिराला दोन बहार. जूनमध्ये छाटणी करून धरला तो खट्टा बहार, त्याची फळं साधारण दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास धरला तो मीठा बहार, त्याची फळं फेब्रुवारीअखेर ते मे. नावातच चव आली. उन्हाळ्याच्या तोंडाचं अंजीर गोड, कारण हवा कोरडी असते. थंडीतलं दिसायला टपोरं पण जरा पाणचट, तरी पुण्यात भाव खट्ट्यालाच बरा मिळतो, कारण तेव्हा माल कमी असतो. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून हल्ली कुठलंही ताजं अंजीर 'पुरंदर' म्हणून विकलं जातं.

अंजीर झाडावरून काढल्यावर पिकत नाही, जसं तोडलं तसं राहतं. म्हणून ते पिकत आल्यावरच तोडावं लागतं, आणि तसं तोडलेलं फळ उन्हाळ्यात जेमतेम एक-दोन दिवस धड राहतं. पहाटे बॅटरी लावून तोडणी होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा लागतो, कारण पानं खरखरीत आणि देठाचा चीक अंगाला खाजतो. खाली-वर अंजिराचीच पानं घालून पाटीत थर लावतात. म्हणजे हे फळ थेट विक्रीसाठीच जन्माला आलंय म्हणा ना. यार्डात लिलाव, मग खरेदीदार, मग किरकोळ गाडी, एवढ्यात त्याचा निम्मा जीव गेलेला असतो. आठवडे बाजाराचा खरा फायदा कुठे दिसत असेल तर तो अंजिरात दिसतो, टोमॅटोत नाही. घेताना देठाजवळ मऊ, तळाशी किंचित फुटल्यासारखं वाटलं तरी चालेल, फक्त आंबूस वास नको. कडक, हिरवं, चीक येणारं अंजीर 'घरी पिकेल' म्हणून कोणी देत असेल तर त्याने झाड पाहिलेलं नाही.

हिवाळ्याचं फार सांगत नाही, कारण तेव्हा डोळे मिटून काहीही घेतलं तरी चांगलंच निघतं. चाकवत, करडई, चंदनबटवा, पावटा, ओला हरभरा, मुळा, भोगीच्या आधी तर टेबलावर जागा उरत नाही. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी तेव्हाच. एप्रिल-मेमध्ये भाजी कमी होते. काकडी, गवार, दुधी, कलिंगड, आणि मेअखेर मावळातली करवंदं-जांभळं. शेवग्याच्या शेंगा मात्र वर्षातले बरेच दिवस दक्षिणेतून येतात, त्याला कोणाचा इलाज नाही.

भावाबद्दलही तुम्ही विचारलंय, की थेट शेतकऱ्याकडून घेऊन स्वस्त का नाही. यार्डात मला मिळणारा भाव आणि तुम्ही कोपऱ्यावरच्या गाडीवर देता तो भाव, यांत पुष्कळ अंतर असतं. आम्ही त्या दोघांच्या मधे कुठेतरी विकतो. त्यातून टेम्पोचं भाडं, जागेचं भाडं, पिशव्या, दोन माणसांचा दिवस, आणि उरलेला माल. उरलेली मेथी परत शेतात नेता येत नाही. म्हणून शेवटच्या तासात भाव पाडतात, तेव्हा या, स्वस्त मिळेल. पण भेंडीची टोकं एव्हाना सगळ्यांनी मोडून ठेवलेली असतील. ही टोक मोडून बघायची सवय कोणाला लावून दिली देव जाणे. मोडलेली भेंडी तुम्ही घेत नाही आणि पुढचाही घेत नाही.

आणि 'सेंद्रिय आहे का?' हा प्रश्न. प्रमाणपत्र असेल तर ते टेबलावर लावलेलं असतं, नसेल तर तोंडी 'हो' ला काही किंमत नाही. आमचं सेंद्रिय नाही. ढगाळ हवेत अंजिरावर तांबेरा हा पानांचा बुरशीरोग आला की फवारावंच लागतं, नाहीतर पानं गळून बाग उघडी पडते. तुम्ही विचारायचं ते एवढंच, की शेवटची फवारणी होऊन किती दिवसांनी तोडलंय. प्रत्येक औषधाला थांबायचे दिवस ठरलेले असतात आणि नीट शेती करणाऱ्याला ते पाठ असतात. उत्तर देताना तो अडखळला तर त्या दिवशी दुसऱ्या टेबलावरून घ्या.

अंजीर हवे असतील तर मार्चमध्ये टेबलवाल्याचा नंबर घेऊन आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. पाट्या थोड्याच येतात, आणि सकाळी फिरायला निघालेले आजोबा लोक पहिल्या तासातच त्या संपवतात.