टाइट एंडने आत्ताच सही करावी की एक वर्ष थांबावं?

प्रश्न: मी मूळची नाशिकची. शिकायला अमेरिकेत आले आणि इथेच संसार थाटला. नवरा अमेरिकन, एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) टाइट एंड आहे, म्हणजे अडवणं आणि पास झेलणं दोन्ही करणारा खेळाडू, वय २५. आम्ही राहतो त्या राज्यात प्राप्तिकर नाही. नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) तिसऱ्या फेरीत निवड झाली, चार वर्षांच्या पहिल्या करारातली तीन वर्षं संपली. क्लब आता तीन वर्षांची मुदतवाढ देतोय. एकूण ३ कोटी डॉलर, त्यातले १.५ कोटी सही होताच पूर्ण हमीचे (यात पुढच्या हंगामाचा पगारही आला). नवऱ्याचं म्हणणं, थांबू या. शेवटचं वर्ष ३४ लाखांवर खेळतो, चांगला खेळलो तर खुल्या बाजारात ३.६ कोटी मिळतील, २ कोटी हमीचे. एजंट म्हणतो, निर्णय तुमचा. घरातले हिशेब मी बघते. काय करावं? आईबाबांसाठी नाशिकला फ्लॅटही घ्यायचा आहे.

उत्तर: सही करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र आहे त्याच कागदावर नको. त्यात दोन बदल मागून घ्या, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी ३ कोटी आणि ३.६ कोटी हे दोन्ही आकडे बाजूला ठेवा. एनएफएलमध्ये कराराची एकूण रक्कम बातमीत येते, घरात येते ती हमीची रक्कम. उरलेल्या वर्षांचा पगार क्लबला खेळाडू हवा असेल तोवरच मिळतो. त्यामुळे तुमची तुलना १.५ कोटी आणि २ कोटी यांच्यात आहे, आणि दुसऱ्या आकड्यापर्यंत पोचायला मध्ये सतरा सामने खेळायचे आहेत.

यजमानांच्या मनासारखं झालं तर ३४ लाख अधिक २ कोटी, म्हणजे २.३४ कोटी हमीचे. नाही झालं तर हातात फक्त ३४ लाख. सही केली तर दोन्ही परिस्थितींत १.५ कोटी. थांबून जिंकलात तर ८४ लाख जास्त, हरलात तर १.१६ कोटी कमी. म्हणजे दहापैकी जवळजवळ सहा वेळा त्यांचं गणित जमलं, तरच दोन्ही पर्याय बरोबरीत येतात. शिवाय सही करून ते उत्तम खेळले तर हमीबाहेरचा पैसाही मिळणारच आहे, तो मी यात धरलेला नाही.

हे झालं डॉलरचं गणित. घराचं गणित याहून एकतर्फी आहे. १.५ कोटींवर केंद्राचा प्राप्तिकर वरच्या टप्प्यात ३७ टक्के, मेडिकेअरचे (ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यासाठीचा कर) सव्वादोन टक्क्यांहून थोडे अधिक, एजंटची फी जास्तीत जास्त ३ टक्के (ही फी करातून वजा मिळत नाही). तुमच्या राज्यात प्राप्तिकर नाही हे तुमचं नशीब, पण परगावच्या सामन्यांच्या दिवसांवर ती ती राज्यं आपला कर घेतातच, आणि कॅलिफोर्नियाचा वरचा दर १३.३ टक्के आहे. हे सगळं जाऊन साधारण ८५ लाख डॉलर उरतील. त्यातले ६० लाख हात न लावता गुंतवले आणि वर्षाला ३ टक्केच काढले, तरी १.८ लाख डॉलर दरवर्षी मिळत राहतील. पंचविशीतल्या जोडप्याचं उरलेलं आयुष्य त्यावर निभावतं. नुसत्या ३४ लाखांचे वीसेक लाख उरतात, त्यावर निभावत नाही. २.३४ कोटींचे १.३ कोटी उरतील, घर मोठं होईल, गाडी बदलेल, पण पायाखालची जमीन पहिल्या ८५ लाखांतच पक्की झालेली असेल. म्हणून पहिल्या ८५ लाखांसाठी पुढचे ४५ लाख सोडायला मी तयार होईन.

त्यात जागा टाइट एंडची. हा खेळाडू टॅकलच्या (आघाडीच्या ओळीत अडवणारा लाइनमन) शेजारी हात टेकून उभा राहतो, चेंडू सुटताक्षणी सव्वाशे किलोच्या बचावपटूला छातीवर घेतो, आणि पुढच्याच डावात रिसीव्हरसारखा (पास झेलणाऱ्या खेळाडूसारखा) मैदानाच्या मध्यभागी धावत जाऊन हवेतला चेंडू पकडतो, तेही पाठीमागून कोणीतरी आदळणार हे ठाऊक असताना. लाइनमनचा मार आणि रिसीव्हरचा मार, दोन्ही एकाच शरीरावर. पगार मात्र रिसीव्हरचा मिळत नाही. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जिमी ग्रॅहमने नेमका हाच वाद घातला होता. बहुतेक डावांत आपण रिसीव्हरच्या जागी उभे राहतो, तेव्हा फ्रँचायझी टॅगही (करार संपलेल्या खेळाडूला ठरावीक पगारावर एक वर्ष राखून ठेवण्याचा क्लबचा हक्क) रिसीव्हरचा, म्हणजे १.२३ कोटींचा लागावा, असं त्याचं म्हणणं होतं. लवादाने त्याला टाइट एंडच ठरवलं, टॅग सुमारे ७० लाखांचा. त्यानंतर त्याने ४ वर्षांचा ४ कोटींचा करार केला, २.१ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी, सिएटलकडून खेळताना, गुडघ्याचा पटेलर टेंडन तुटला.

हा टॅग यजमानांनीही लक्षात ठेवावा. "खुला बाजार" म्हणतात खरं, पण क्लबने टॅग लावला तर बाजार एक वर्ष पुढे जातो. २०२५ मध्ये टाइट एंडचा टॅग साधारण १.३८ कोटींचा होता, रिसीव्हरचा २.४ कोटींच्या आसपास. एक वर्षाची रक्कम म्हणून ती वाईट नाही, पण पुन्हा एक हंगाम शरीर पणाला लावायचं.

त्यांच्याच वळणावर उभ्या असलेल्या दोन टाइट एंडची उदाहरणं त्यांना जरूर दाखवा. जॉर्ज किटल पाचव्या फेरीतला. पहिल्या कराराचं एक वर्ष शिल्लक असताना, ऑगस्ट २०२० मध्ये, त्याने ५ वर्षांच्या ७.५ कोटींवर सही केली. त्याच हंगामात आधी गुडघा दुखावला, मग पायाचं हाड मोडलं, सोळापैकी आठच सामने खेळला. रॉब ग्रॉन्कोवस्कीने दोनच हंगामांनंतर, २०१२ च्या जूनमध्ये, ५.४ कोटींची मुदतवाढ घेतली. पुढच्या दीड वर्षात हात मोडला, पाठीची शस्त्रक्रिया झाली, गुडघ्याचा लिगामेंट तुटला. पुढे बाजार चढला आणि हा करार स्वस्तात झाला असं लोक म्हणू लागले. म्हणोत. दीड वर्ष दवाखान्याच्या फेऱ्या चालू असताना घरात पैशाची चिंता नव्हती, याची किंमत बाजारभावात मोजता येत नाही. त्याने करारातले पैसे खर्च न करता जाहिरातींच्या कमाईवर राहिल्याचं स्वतःच लिहिलं आहे, तेही तुमच्या कामाचं आहे.

थांबून जिंकलेले टाइट एंडही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. एव्हन एन्ग्रमने २०२२ मध्ये जॅक्सनव्हिलशी ९० लाखांचा एकाच वर्षाचा करार केला, ७३ झेल घेतले, टॅग लागला आणि २०२३ मध्ये ३ वर्षांचे ४.१ कोटी पदरात पाडले. पण मार्च २०२५ मध्ये, तिसरं वर्ष सुरू होण्याआधीच, क्लबने त्याला मोकळं केलं. शेवटच्या वर्षाचा आकडा किती हलका असतो ते यातून दिसतं.

आता ते दोन बदल. पहिला, मुदतवाढ तीनऐवजी दोन वर्षांची मागा. यजमान २८ व्या वर्षी पुन्हा बाजारात येतील, म्हणजे त्यांचा स्वतःवरचा विश्वास खरा ठरायला जागा राहील. ट्रॅव्हिस केल्सीने जानेवारी २०१६ मध्ये ५ वर्षांचे ४.६ कोटी घेतले आणि नंतर कित्येक वर्षं तो आपल्या खेळाच्या मानाने कमी पैशांत खेळला. चूक सही करण्यात नव्हती, मुदत लांब होती. मुदत कमी केल्यावर क्लब एकूण रक्कम घटवेल, घटवू द्या. हमीचा आकडा मात्र खाली येऊ देऊ नका.

दुसरा बदल हमीच्या शब्दांत. "पूर्ण हमी" आणि "फक्त दुखापतीची हमी" यांत फार फरक आहे. दुखापतीची हमी असेल तर खेळाडू जायबंदी झाला तरच पैसे मिळतात. खेळ खालावला म्हणून किंवा पगाराची कमाल मर्यादा सांभाळायला क्लबने काढून टाकलं तर काही नाही. अशी हमी बहुधा मार्चमध्ये, लीगचं नवं वर्ष सुरू झाल्यावर तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी पूर्ण हमीत बदलते. त्या १.५ कोटींच्या पूर्ण हमीत न आलेल्या पुढच्या वर्षाच्या पगाराची ही तारीख एक वर्ष अलीकडे आणा, म्हणजे क्लबला निर्णय लवकर घ्यावा लागेल. एजंटने जोर लावायचा तो इथे. झेल आणि यार्डांवर मिळणाऱ्या बक्षिसांच्या रकमेवर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.

यजमान "आपण विमा काढू आणि थांबू" म्हणतील. असा विमा मिळतो, पण हप्ता भारी असतो आणि आधीच्या दुखापती बहुधा वगळलेल्या असतात. १.५ कोटींची जागा तो घेत नाही.

तीन हंगाम पूर्ण झाल्याने पेन्शनचा हक्क लागला आहे, हे चांगलं झालं. ४०१(के) या निवृत्ती बचत खात्यात खेळाडूच्या एका डॉलरमागे क्लब दोन घालतो, ती मर्यादा दरवर्षी पूर्ण भरा. सहीचा बोनस आल्यानंतर वर्षभर कोणाच्याही धंद्यात पैसे घालायचे नाहीत, मग तो शाळेतला मित्र असो की चुलतभाऊ. २०१५ च्या एका अभ्यासात निवृत्तीनंतर १२ वर्षांत सुमारे १६ टक्के एनएफएल खेळाडूंनी दिवाळखोरी जाहीर केल्याचं आढळलं, आणि जास्त कमावलेले किंवा जास्त वर्षं खेळलेले त्यातून वाचले असंही दिसलं नाही.

नाशिकचा फ्लॅट घ्या, पण बोनस खात्यात आल्यावर, कर्ज न काढता आणि तुमच्या एकटीच्या नावावर. यजमानांचं नाव लावायचंच असेल तर लग्न नोंदलेलं आणि सलग दोन वर्षं झालेलं असावं लागतं, आणि तुमच्यासोबत अशी एकच मालमत्ता घेता येते. शेतजमीन नाही. भारतातले म्युच्युअल फंड घेऊ नका, अमेरिकेचा कर भरणाऱ्याला त्यांवरची आकारणी फार जाचक पडते. भारतातल्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर अमेरिकी सरकारकडे माहिती भरावी लागते. आईबाबांबरोबरचं संयुक्त खातंही यात धरा.

एजंटला आजच लेखी विचारा की १.५ कोटींतला बोनस किती, पगार किती, आणि बोनसचे हप्ते कोणत्या तारखांना. सहीचा बोनस साधारणपणे राहत्या राज्यात करपात्र धरला जातो, पण त्यासाठी तो परत न करण्याचा आणि पगारापासून वेगळा असावा लागतो. ते वाक्य मसुद्यात आहे की नाही, हे सहीच्या आधी तुमच्या कर सल्लागाराकडून तपासून घ्या.