उमेदवाराची परीक्षा कोण घेणार?

प्रश्न : शिपायाच्या नोकरीलासुद्धा शिक्षण पाहतात. मग नगरसेवकाची परीक्षा का नको? – एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : परीक्षा घ्यायची म्हटली, तर प्रश्नपत्रिका सत्तेत बसलेलेच काढणार, अडचण इथेच आहे. शिक्षणाच्या अटीचे प्रयोग मात्र झालेत. हरियाणाने 2015 मध्ये पंचायतीला दहावीची अट घातली (महिलांना आठवी), सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. राजस्थानने तशीच अट आणून 2019 मध्ये काढून टाकली. आपल्याकडे 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सरपंचाला सातवी पास असावं लागतं. महापालिकेला तसं काही नाही. आमच्या मते ते बरंच आहे. अट आली की तुमच्याच पेठेतल्या विडी कामगार बायका पहिल्या बाहेर पडतील, टक्केवारी खाणारा पदवीधर आत राहील.

गंमत म्हणजे, लोकसभा-विधानसभेला गुन्हे प्रलंबित असलेला उमेदवार दिला, तर त्याला का निवडलं, हे पक्षाला त्याची कर्तबगारी सांगून निवडीनंतर 48 तासांत जाहीर करावं लागतं, आणि ‘निवडून येईल’ एवढंच कारण चालत नाही (न्यायालयाचा आदेश, फेब्रुवारी 2020). स्वच्छ उमेदवार का दिला, हे कुणी विचारत नाही!

प्रश्न : मग आम्ही पारखायचं कसं?

उत्तर : माजी नगरसेवक असेल तर कागद मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मजकूर 150 शब्दांच्या आत, विषय एकच. सभांच्या हजेरीसाठी एक अर्ज, प्रभागातल्या रस्त्यासाठी दुसरा. ‘काम का केलं नाही?’ असं विचारलंत की अर्ज फुकट जातो, कारण उत्तर फक्त असलेल्या कागदाचं मिळतं. म्हणून असं लिहा : ‘अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश व मोजमाप पुस्तिकेच्या प्रती.’ पानाला 2 रुपये पडतात. मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी घेऊन रस्त्यावर टेप धरा. थराची जाडी उखडलेल्या कडेला दिसते. उत्तराची मुदत 30 दिवसांची. प्रचार सुरू झाल्यावर अर्ज केलात तर उत्तर निकालानंतर येणार, तेव्हा आत्ताच टाका. मुदतीत नाही आलं, तर 20 रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील.

नवखा असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र वाचा आणि पाण्यावर बोलतं करा. ‘रोज पाणी देतो’ सगळेच म्हणतात. आपल्याला पाणी उजनी, टाकळी आणि हिप्परगा इथून येतं. आपल्या प्रभागाला कुठलं, कुठल्या टाकीतून, आणि खोळंबा पंपात की वाटपाच्या नळात, एवढं विचारा. वाढीव खर्चाचा ठराव स्थायी समितीत जातो की सर्वसाधारण सभेत, हेही विचारा. स्थायीत सदस्य 16 असतात. तिथे नसलेला माणूस ‘निधी मीच आणला’ म्हणत असेल, तर ठरावाची प्रत दाखवायला सांगा.