वाचक विचारतात: अन्नपूर्णाला जाताना लुंबिनी आधी की नंतर?

प्रश्न : ताई नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही चौघं नेपाळला अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक करायचा म्हणतोय. मी ५४ ची, आमचे हे ५८ चे (शुगर आहे, गोळ्या चालू आहेत), जाऊबाई ५६ च्या आणि त्यांचा मुलगा २४ चा. ग्वाल्हेर ते ग्वाल्हेर एकूण १६ दिवस मिळतायत. पुतण्याने मोबाइलवर प्लॅन केलाय, गोरखपूरहून सरळ पोखरा, दुसऱ्या दिवशी ट्रेक सुरू, पूनहिल करून बेस कॅम्प, आणि खाली उतरल्यावर शेवटच्या चार दिवसांत लुंबिनी, तानसेन, चितवन आणि काठमांडू. जाऊबाईंचे गुडघे मधूनमधून कुरकुरतात. जमेल का हे? एवढं लांब जाऊन लुंबिनी हुकायला नको असं फार वाटतं.
– एक वाचक, दौलतगंज, लष्कर

उत्तर : जमेल, पण पुतण्याला एकट्याला, आणि तोसुद्धा काठमांडूला पोचेपर्यंत बोलायच्या लायकीचा राहणार नाही.

त्याला म्हणावं प्लॅन चांगलाय, फक्त उलटा कर. बघायची ठिकाणं जाताना आणि मोकळे दिवस येताना. माझं स्वतःचं सांगते, आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा अगदी तुमच्यासारखंच लुंबिनी शेवटी ठेवलं होतं, वाटलं ट्रेक झाला की निवांत बघू, आणि झालं काय तर सहा दिवस दगडी पायऱ्या उतरून गुडघे असे धरले होते की बसमधून उतरतानाच 'आई गं' होत होतं, आणि लुंबिनी म्हणजे एक देऊळ आणि बाहेर पार्किंग असं नाहीये, ते आवार तीनेक मैल लांब आहे, मधे कालवा आणि दोन्हीकडे देशोदेशींचे विहार. मी ई-रिक्शातून फोटो काढले आणि मायादेवी मंदिराच्या बाहेर कट्ट्यावर बसून राहिले, आत गेलेच नाही. अजून टोचतं ते.

शिवाय डोंगर तुमच्या तारखा पाळत नाही. वर एक दिवस पाऊस-बर्फ लागला, कुणाचं पोट बिघडलं, की मागचं सगळं सरकतं. मागे बुकिंगं लावून ठेवलेली असली तर माणूस नको तिथे रेटतो. मागे मोकळे दोन दिवस असले तर गरम चहा मागवून गप्प बसून राहता येतं.

तर असं करा. बरौनी मेल ग्वाल्हेरहून थेट गोरखपूरला जाते, तिथून सोनौली बॉर्डर शंभरेक किलोमीटर, बस आणि शेअर जीप भरपूर. आपल्याला व्हिसा नाही, पण पासपोर्ट किंवा वोटर कार्ड ओरिजिनल जवळ हवं, आधारच्या भरवशावर राहू नका. पैसे तिथेच बदला, आपल्या शंभराचे त्यांचे एकशेसाठ, हा दर वर्षानुवर्षं बांधलेला आहे त्यामुळे घासाघीस करत बसू नका. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नाहीतर पहिलीच बस चुकेल.

बॉर्डरवरून लुंबिनी तासाभराच्या आसपास. त्या रात्री तिथेच मुक्काम आणि सकाळी लवकर मायादेवी मंदिर. बाहेर अशोकाचा खांब आहे, त्यावर लिहिलंय की इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले, आणि राजाने या गावाचा सारा आठव्या हिश्शावर आणला. सारा कमी केल्याची बातमी दोन हजार वर्षांहून जास्त टिकलीय, मला हे भारी वाटतं. अजून एक गंमत, त्या खांबावर अशोक हे नावच नाहीये, 'देवानांपिय पियदसि' एवढंच आहे. ते अशोक नाव ज्या मोजक्या लेखांत सापडतं त्यातला एक आपल्या शेजारी दतिया जिल्ह्यात गुजर्राला आहे, आणि आपण दतियाला जातो ते पीतांबरा पीठाचं दर्शन घेऊन परत येतो. लुंबिनीच्या आधी एखाद्या रविवारी गुजर्रा करून या, मग खांबासमोर उभं राहायला वेगळीच मजा येते.

दुपारी बुटवलवरून तानसेन. पावसात हा रस्ता दरडींचा आहे, दिवाळीनंतर बरा असतो. गाव डोंगरउतारावर, साधारण तेराशे-चौदाशे मीटर, गल्ल्या उभ्या चढाच्या, पितळेचे करुवे (तोटीचे तांबे) आणि ढाका कापड इथलंच. जाऊबाईंना दुकानात एक तास द्या, पण करुवा येताना घ्या, नाहीतर पुतण्याला तो ट्रेकभर वाहावा लागेल.

आणि आता मुख्य गोष्ट. तानसेनहून रानीघाटला पायी जा. जंगलातून खाली उतरत उतरत तीनेक तासांनी काली गंडकीच्या काठावर एका खडकावर अचानक पांढरा राजवाडा दिसतो. खड्गशमशेर राणांनी तो १८९० च्या दशकात आपली पत्नी तेजकुमारी गेल्यावर तिच्या आठवणीत बांधला. हे तेच खड्गशमशेर, जे १८९६ साली लुंबिनीचा खांब जमिनीतून मोकळा झाला तेव्हा पाल्प्याचा (म्हणजे तानसेनच्या भागाचा) कारभार बघत होते, आणि जे पुढे नेपाळ सोडून आपल्या मध्य प्रदेशात सागरला येऊन राहिले, आणि सागरलाच १९१९ साली त्यांच्या मुलीला जी मुलगी झाली त्या आपल्या राजमाता विजयाराजे शिंदे. म्हणजे ग्वाल्हेरकराने रानीघाटला जाणं हे जवळपास आजोळी जाण्यासारखंच झालं की! आम्ही तिथे गेलो तेव्हा ओसरीवर शेळ्या बसलेल्या होत्या आणि खाली नदीचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं.

पण मी रानीघाट इतिहासासाठी सांगत नाहीये, म्हणजे त्यासाठीही सांगतेय, पण खरं कारण वेगळंय. ही तुमची परीक्षा आहे. जेवढं उतरलात तेवढंच परत चढायचं असतं, आणि ते एका दिवसात चौघांचं खरं खरं सांगून टाकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंना जिना उतरताना कठडा धरावा लागला तर त्यांनी बेस कॅम्प विसरायचा, आणि वाईट वाटून घ्यायचं नाही. हे पोखऱ्यात कळलेलं बरं, वर बेस कॅम्पच्या वाटेवर देउरालीला कळलं तर चौघांचा ट्रेक जातो.

मग दोन गट करा. तुम्ही आणि पुतण्या जीपने झिनूपर्यंत, झुलता पूल ओलांडून छोमरोंग (२१७० मीटर), दुसऱ्या दिवशी दोभान, मग देउराली (३२३० मीटर), मग माछापुच्छ्रे बेस कॅम्प (३७०० मीटर) आणि तिथेच झोपायचं. पुतण्या म्हणेल की अजून दोन तासांत वर अन्नपूर्णा बेस कॅम्पला पोचतो, चला ना. नाही म्हणायचं. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतात, देउरालीहून थेट वर गेलं तर ९०० होतात. पहाटे उठून टॉर्च लावून वर जा, ४१३० मीटरवर सूर्य अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवर पडताना बघा, आणि त्याच दिवशी दोभानला खाली. डोकं दुखायला लागलं तर तिथून वर एक पाऊल नाही, थांबूनही वाढलं किंवा उलट्या झाल्या, तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) तुमच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

मिस्टर आणि जाऊबाई तेवढ्या वेळात जीपने उल्लेरीपर्यंत (तिथल्या तीन हजारांवर पायऱ्या वाचल्या), मग घोरेपानीला दोन रात्री, पूनहिल ३२१० मीटर, आणि ताडापानीवरून सावकाश घांद्रुक. घांद्रुकला दोन रात्री आरामात काढा, गुरुंग लोकांचं दगडी घरांचं सुंदर गाव आहे, छोटं म्युझियम आहे. शुगर असल्याने त्यांच्या खिशात कायम काहीतरी खायला हवं, आणि जेवणाच्या वेळा चालण्यासाठी पुढे ढकलायच्या नाहीत, बाकी गोळ्यांचं डॉक्टरच सांगतील. शाकाहारी असलात तर चिंता नको, डाळभात सगळीकडे आणि पुन्हा वाढतात, छोमरोंगच्या वर तर मांस नेतच नाहीत, ती दरी तिथले लोक पवित्र मानतात. माछापुच्छ्रेवर म्हणूनच चढू देत नाहीत, १९५७ साली एक ब्रिटिश तुकडी शिखराच्या अगदी खाली येऊन थांबली, त्यानंतर परवानगी बंद.

घांद्रुकची जोडी झिनूला येऊन तुम्हाला भेटेल. झिनूला नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत, पण त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं पायऱ्या उतरून जावं लागतं, म्हणजे अंग मोकळं करून परत चढायचं, हा विनोद ज्याने केला त्याला नमस्कार.

पोखऱ्यात परत बाराव्या दिवशी. पुढचे दोन दिवस काही ठरवू नका. वर अडकलात तर ते तिथे खर्च होतील, नाहीतर फेवा तलावात नाव आहेच. चितवन-काठमांडू पुढच्या वेळी. पूनहिल आणि बेस कॅम्प दोन्ही जोडायचेच असतील तर १९-२० दिवसांची सुट्टी काढा, १६ मध्ये मी नाही सांगणार.

परमिट पोखऱ्याला काढा, सार्क देशांच्या लोकांना अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचे नेपाळी हजार रुपये. २०२३ पासून परदेशी ट्रेकरला गाइड सक्तीचा केलाय. तुम्हाला तर दोन लागतील, करा तो खर्च. रोख पण पोखऱ्यालाच काढून घ्या.

प्रश्न : मला मार्चमध्ये जायचंय, गुराँसची (ऱ्होडोडेंड्रॉनची) फुलं बघायला. पण ग्वाल्हेरला डोंगर कुठेत? तयारी काय जिममध्ये करू?
– एक वाचक, थाटीपुर

उत्तर : किल्ला काय शोभेला आहे का? उरवाईकडून गाडीने नाही, ग्वाल्हेर गेटकडून पायी. गूजरी महाल मागे टाकून हाथी पौरपर्यंत चढायचं आणि लगेच उतरायचं, उतरताना जास्त लक्ष, कारण गुडघे उतारावर जातात. हिशेब सांगते. किल्ल्याची उंची धरा शंभर मीटर. नयापूल ते घोरेपानी १०७० वरून २८६० मीटर, म्हणजे दोन दिवसांत अठरा किल्ले. आता रविवारी एका सकाळी तीन किल्ले करून बघा, मग पाठीवर सात-आठ किलो घेऊन चार. दम खायला वाटेत चतुर्भुज मंदिर आहेच, तिथल्या शिलालेखात २७० या आकड्यातलं ते प्रसिद्ध शून्य बघा, नवव्या शतकातलं. लोक परदेशातून येऊन बघतात आणि आपण पाहुणे आले की मग जातो.

मार्चमध्ये घोरेपानीचं जंगल लाल होतं हे खरं. पण बेस कॅम्पलाही जाणार असाल तर हिमालया (हे वाटेतल्या एका मुक्कामाचं नाव) ते माछापुच्छ्रे बेस कॅम्प हा पट्टा हिमस्खलनाचा आहे, जानेवारी २०२० मध्ये देउरालीजवळ ट्रेकर आणि गाइड गेलेत. हा भाग सकाळी लवकर पार करायचा, आणि आदल्या रात्री लॉजवाल्याला विचारायचं. तो नाही म्हणाला तर नाही.

प्रश्न : खाऊ म्हणून मुरैन्याची गजक नेली तर चालेल का? आई म्हणते डबाभर ने.
– एक वाचक, मुरार

उत्तर : चालेल काय, पळेल. तीळ-गूळ आहे, थंडीत नरम पडत नाही, वर एका तुकड्यात जीव येतो. फक्त सॅकमध्ये दुसऱ्या दिवशी तिचा भुगा होतो आणि तो भुगा मोज्यांत शिरतो, म्हणून आईचाच स्टीलचा छोटा डबा न्या, प्लॅस्टिकची पिशवी नको. आणि अर्धी गजक गाइडसाठी वेगळी ठेवा, आमचा गाइड उतरताना रोज विचारायचा, दीदी, वो ग्वालियर वाला बिस्कुट बचा है क्या?